शेवटचं ठीक कधी पाहिलं?

सोमवार, ३ तारीख

निवृत्त झाल्यावर डायरी लिहायची नाही असं ठरवलं होतं, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नाही. आज घडलं. चिमणीचा फोन आला. "बाई, कॉलनीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी प्रथमोपचाराचा वर्ग घ्याल का? लोक आमच्यापर्यंत पेशंट आणेपर्यंतच त्याला अर्धा मारून ठेवतात हो."

चिमणी म्हणजे माझी विद्यार्थिनी. कॅज्युअल्टीत, म्हणजे आमच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात, नवीन नर्स म्हणून आली तेव्हा इतकी बारकी होती की सलाइनचा स्टँडसुद्धा तिच्यापुढे अंगाने भरलेला वाटायचा. मी तिला घडवली. शीर कशी शोधायची, रडणाऱ्या नातेवाइकांना कसं बाजूला करायचं आणि मुख्य म्हणजे चार पेशंट एकदम आले की आधी कोणाकडे जायचं. ओरडणाऱ्याकडे नाही. तो ओरडतो आहे म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी. एकदा तिने एका गप्प म्हाताऱ्याला तसंच बाकावर बसवून ठेवलं. मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. ही युक्ती आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदरची. त्या छडी कधी उगारत नसत, बोलणं बंद करत. छडीचा वळ दोन दिवसांत जातो.

आता चिमणी त्याच कॅज्युअल्टीची इनचार्ज आहे. माझी खुर्ची, माझं कपाट, माझ्या चाव्या. मला आनंदच आहे.

मास्तरांना वर्गाचं सांगितलं. मास्तर म्हणजे आमचे हे. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून सगळ्यांचे मास्तर, माझेही. चहा पीत बसले होते. काहीतरी पुटपुटले, मला एक अक्षर कळलं नाही. "नीट बोला की," म्हटलं, तर कप बशीत ठेवायचा सोडून बशीच्या शेजारी हवेत ठेवला. पडला. नवीन कवळी बसवल्यापासून हे असंच चाललंय, अर्धे शब्द कवळीतच अडकतात. चहा मीच पुसला. थोड्या वेळाने म्हणाले, "छान होईल तुझा वर्ग. बोलायला माणसं मिळतील."

यात टोमणा होता का, ते अजून ठरत नाही.

गुरुवार, ६ तारीख

पहिला वर्ग. बारा जण आले. त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला आले होते. खालच्या मजल्यावरची शेजारीण पहिल्या रांगेत होती. तिला दर आठवड्याला नवा आजार होतो आणि तो जिन्यातून सगळ्यांना ऐकू येतो. निवृत्त कंडक्टरही होते. त्यांना प्रत्येक वाक्याला एक शंका असते.

फिट आलेल्या माणसाच्या तोंडात चमचा घालायचा नाही, हे सांगितलं. कंडक्टर म्हणाले, "मग काय घालायचं?" म्हटलं, "काही नाही. तुमच्या हाताला चैन पडत नसेल तर दोन्ही हात खिशात घाला. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा." घास अडकला तर पाठीत कसे फटके द्यायचे, ते शेजारणीच्या पाठीवर करून दाखवलं. तिने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

मग पक्षाघात. तोंड वाकडं होतंय का, दोन्ही हात वर राहतात का, बोलणं जड झालंय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेळ. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून दारातच डॉक्टर विचारतात, शेवटचं ठीक कधी पाहिलं? आणि नातेवाईक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात! एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात आणि हा माणूस शेवटचा धड कधी बोलला ते कोणाला सांगता येत नाही. अशा किती बायकांना मी कॅज्युअल्टीच्या दारात झापलंय. तेही वर्गात सांगितलं.

शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. बघते तर मास्तर! कधी येऊन बसले कोण जाणे. उभे राहून विद्यार्थ्यासारखे म्हणाले, "बाई, समजा थोडा वेळ असं झालं आणि आपोआप गेलं तर?"

सगळे हसले. मीही कमी नाही. म्हटलं, "गेलं म्हणजे संपलं असं नाही, मास्तर. तो इशारा असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नंतर बघू म्हणणाऱ्याला नंतर नसतं."

"समजलं," म्हणाले आणि बसले.

घरी आल्यावर म्हटलं, चार लोकांत माझी थट्टा करायला आला होतात का? तर म्हणे, "नाही गं. खरंच छान शिकवतेस." आजवर कधी माझ्या कामाचं कौतुक केलं नव्हतं. मला रात्रभर बरं वाटलं.

मंगळवार, ११ तारीख

मास्तर शुक्रवारी सकाळी रंग आणायला गेले ते जेवणाच्या वेळेला परतले. रंग नाहीत. "दुकान बंद होतं." काल पुन्हा गेले. पुन्हा हात हलवत परत. दुकानदाराला मी ओळखते, तो स्वतःच्या लग्नालाही दुकान बंद ठेवणारा नाही.

आज विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"तू कशाला? मी काय लहान आहे?"

लहान नाही, पण सांभाळावं लागतं. दोन वर्षांपूर्वी हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरात त्यांची जशी काळजी घेतली तशी आमच्या स्पेशल वॉर्डातही कोणी घेत नसेल. उशाशी घंटा ठेवली. टर्पेंटाइनचा वास नको म्हणून रंगाचं सगळं सामान माळ्यावर टाकलं. गच्चीवरच्या त्यांच्या चित्रांच्या खोलीला कुलूप लावलं. औषधाची, लघवीची, झोपेची वेळ सगळी तक्त्यावर, तक्ता फ्रिजवर. तीन महिन्यांनी कुलूप उघडलं, तक्ता काढला तेव्हा मास्तर म्हणाले होते, "बेड नंबर दोनला डिस्चार्ज मिळाला का सिस्टर?" किती हसलो होतो आम्ही. म्हणजे, मी हसले होते.

आणि आता हे लपूनछपून जाणं. या वयात! कोणाकडे?

शनिवार, १५ तारीख

सापडलं.

धुवायला बनियन उलटं केलं तर आत, छातीपाशी, एक गोल चिकटपट्टी. मधे धातूचं बटण. दुसऱ्या एखाद्या बाईला ते काय आहे हे कळलंही नसतं. मी तसल्या हजारो चिकटवल्यात. ईसीजीची पट्टी.

घेऊन पुढे गेले. "हे काय?"

मास्तरांनी चष्मा वर करून पाहिलं. "बनियनचं लेबल असेल."

लेबल! साडी बदलली आणि तडक कॅज्युअल्टी गाठली.

चिमणी ड्रेसिंग करत होती. मला बघून तिचे हात थांबले नाहीत, एवढं मान्य करते. पण चेहरा थांबला. मी पट्टी तिच्यासमोर ट्रेमध्ये ठेवली.

"मास्तर इथे आले होते?"

"बाई, चहा घ्या ना आधी."

"चिमणे."

तिने ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले, सावकाश पुसले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, पेशंटचं मला सांगता येत नाही. पेशंटने नको म्हटलं तर बायकोलासुद्धा नाही. तुम्हीच शिकवलंय."

म्हणजे पेशंट आहे. म्हणजे बायकोलासुद्धा नाही, असं म्हणालेत.

माझ्याच कॅज्युअल्टीत, माझ्याच विद्यार्थिनीने, माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं. आजूबाजूच्या पोरी ऐकत होत्या. मी ट्रेमधली पट्टी उचलली. ती वापरलेली आहे, कचऱ्यात कोणत्या रंगाच्या पिशवीत जाते तेही मला ठाऊक आहे. तरी पर्समध्ये घालून घरी आणली.

रविवार, १६ तारीख

कबूल झाले. चहा होईपर्यंतसुद्धा टिकले नाहीत.

उजवा हात दोन वेळा गेला होता. एकदा मी बाजारात असताना ब्रश गळून पडला. दुसऱ्यांदा माझ्यासमोर, तो कप. बोलणंही तेव्हाच अडखळलं होतं. कवळी नव्हती ती! मग गुरुवारच्या वर्गात मला विचारलं, मी उत्तर दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे चिमणीकडे गेले. तिने डोक्याचा स्कॅन करवला, ईसीजी काढला, डॉक्टरांकडून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करवल्या. मानेतल्या रक्तवाहिनीची तपासणी पुढच्या आठवड्यात.

"सगळं तुझ्याच सांगण्याप्रमाणे केलं," म्हणाले. वर हसून!

"माझ्या सांगण्याप्रमाणे? मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होतो. तपासण्या झाल्यावर."

"घरात तीस वर्षं कॅज्युअल्टी सांभाळलेली सिस्टर आहे. आणि तुम्ही शेजारच्या माणसासारखे रांगेत उभे राहून माझ्या विद्यार्थिनीला छाती दाखवून आलात."

"अगं, मला नुसतं तपासून घ्यायचं होतं. मला..." मग वाक्य सोडून दिलं. हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले, फ्रिजकडे बघत. फ्रिजवर आता काहीच नाही, तरी.

मी म्हटलं, "ठीक आहे. ज्यांची सिस्टर वेगळी, त्यांनी तिच्याकडेच बघावं. मी बघणार नाही." हे या घरातलं माझं शेवटचं वाक्य. ते काय करतील ते करोत.

दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं. गुरुवारी रात्री मला बरं वाटत होतं, त्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

मंगळवार, १८ तारीख

अबोला चालू. झोपायला पुढच्या खोलीत. त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते, मी आधी किंवा नंतर जेवते. ते खोलीत आले की मी खिडकीकडे तोंड करते. मदर खुश झाल्या असत्या.

काल दाराबाहेरून म्हणाले, "अगं, मीठ कुठे आहे?" मीठ टेबलावरच असतं. उत्तर दिलं नाही.

आज ते आंघोळीला गेल्यावर गोळ्यांचं पाकीट बघून घेतलं. घेताहेत. डोसही बरोबर आहे. चिमणीला तेवढं तरी येतं.

तिचे चार फोन आले. उचलले नाहीत.

शुक्रवार, २१ तारीख

काल लिहायला जमलं नाही. आज दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. क्रमाने लिहायचं. घाबरलेल्या नातेवाइकाला मी नेहमी हेच सांगायची, क्रमाने सांगा.

काल सकाळी ब्रेड भाजून झाकून ठेवला आणि पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं. त्यांच्या चपलांचा आवाज गच्चीच्या जिन्यावर गेला, तो ऐकला. मग खालची शेजारीण जिन्यातून ओरडायला लागली, छातीत धडधडतंय, मी चालले, सांभाळा सगळे. मी खाली गेले. नाडी पाहिली, बीपी पाहिला. दोन्ही माझ्यापेक्षा चांगले. तरी बसले तिच्याकडे. खरं सांगायचं तर मला कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि ती बोलते. मास्तरांची आणि चिमणीची सगळी कहाणी तिला सांगितली. वेळ कसा गेला कळलं नाही.

वर आले. बशी रिकामी होती, म्हणजे खाल्लं होतं. घरात चाहूल नाही. मनात आलं, आता हेही अबोला धरून बसलेत वाटतं. बघू कोण जिंकतं. भांडी घासली. नंतर दूधवाल्याची बेल वाजली, त्याचे पैसे मास्तर देतात म्हणून गच्चीवर गेले. हाक मारायची नव्हती, नुसतंच दारात उभं राहून खाकरायचं होतं.

टेबलापाशी खुर्चीत बसलेले होते. उजवा हात खुर्चीबाहेर लोंबत होता. तोंडाची उजवी बाजू उतरलेली. डोळे माझ्याकडे. शुद्धीवर होते. बघत होते, कधीपासून कोण जाणे. पण आवाज नाही.

पुढचं सगळं हातांनी केलं, मी नव्हतेच. खाली निजवलं, कुशीवर घेतलं. कवळी काढली. तोंडात पाण्याचा थेंब नाही, गोळी नाही. बोटातून रक्त काढून साखर पाहिली, ती ठीक. दूधवाल्याला अँब्युलन्सला फोन करायला लावला, पत्ता त्याच्याकडून दोनदा वदवून घेतला.

कॅज्युअल्टीच्या दारात एक कोवळा डॉक्टर होता. "आजी," म्हणाला. मला, आजी! "आजी, ह्यांना शेवटचं ठीक कधी पाहिलं?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आज सकाळी बोलले का तुमच्याशी?"

नाही.

"काल रात्री?"

मीठ कुठे आहे, एवढंच आठवत होतं. ते सोमवारचं. चपलांचा आवाज ऐकला होता, पण चपलांचा आवाज म्हणजे माणूस ठीक असणं नव्हे, हे मीच पोरींना शिकवलेलं. एकाच घरात. एकाच टेबलावर. डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि काय लिहिलं ते न बघता मला माहीत होतं. वेळ अज्ञात. वेळ अज्ञात असेल तर इंजेक्शन नाही.

मागून चिमणीचा आवाज आला. "मला माहितीये वेळ."

ती धावत आली होती, टोपी हातात. "मास्तरांचा मला फोन आला होता. मी सकाळच्या पाळीचा चार्ज घेत होते तेव्हा. स्पष्ट बोलत होते, एकही शब्द अडखळला नाही. फोन ठेवून पावणेदोन तास झालेत." तिने मोबाइल डॉक्टरच्या हातात दिला. त्याने वेळ बघितली आणि तो पळालाच. स्ट्रेचर गेलं. स्कॅन झाला, इंजेक्शन दिलं.

मी दारात उभी. एक पोरगी म्हणाली, "नातेवाइकांनी बाहेर थांबा." माझंच वाक्य, माझ्याच पट्टीत.

नंतर चिमणी बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. शेवटी मीच विचारलं, "काय म्हणत होते फोनवर?"

"बाई, राहू दे."

"स्पष्ट बोलत होते म्हणालीस ना? मग काय बोलत होते ते सांग."

"विचारत होते, तुमच्या बाईंनी ट्रेनिंगच्या वेळी तुमच्याशी जास्तीत जास्त किती दिवस अबोला धरला होता? मी म्हटलं, आठ. तर म्हणाले, मग निम्मं झालं की! काढतो उरलेलं." ती जमिनीकडे बघत होती. "बाई, ते तुमच्यापासून लपवत नव्हते हो. त्यांना परत बेड नंबर दोन व्हायचं नव्हतं."

मी म्हटलं, "त्या बेड नंबर दोनला एकही दिवस ताप चढला नव्हता."

ती उठून आत गेली.

सोमवार, २४ तारीख

हात थोडा हलतो. बोलणं जड, पण आहे. वॉर्डात हलवलं. बेड दोन रिकामा होता, अगदी खिडकीशी. चिमणीने त्यांना पाचवर घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

तिला मी माफ केलेलं नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको. वेळ तिला माहीत होती हे खरं. पण ती मला माहीत असायला हवी होती. माझ्या नवऱ्याचा सकाळचा पहिला शब्द तिच्या कानात पडला. उपकार झाले म्हणून चोरी चोरी राहत नाही का?

तिने आज डबा आणला होता. खाल्ला. मीठ कमी होतं, तेही सांगितलं.

गुरुवार, १८ तारीख (पुढचा महिना)

मास्तर घरी येऊन पंधरवडा झाला. आल्या दिवशी उशाशी घंटा ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या उशाशी होती. डाव्या हाताने, भिंत धरत, कधी आणून ठेवली कोण जाणे. मी राहू दिली. तक्ता अजून कपाटात आहे, फ्रिजवर लावलेला नाही. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे आहे. यावर मला जास्त लिहायचं नाही.

आज वर्ग पुन्हा सुरू. पक्षाघातच पुन्हा घेतला. कॉलनीत सगळ्यांना सगळं माहीत असल्यामुळे हॉल भरला होता. झोपणारे दोघे जागे होते. मास्तर शेवटच्या रांगेत, काठी गुडघ्यात. चिमणी उशिरा आली आणि दाराशीच उभी राहिली. खुर्ची रिकामी आहे हे तिला दिसत होतं. मी बस म्हटलं नाही.

तोंड, हात, बोलणं, वेळ. "घरातल्या माणसाला शेवटचं ठीक कधी पाहिलं, हे प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे," म्हटलं. आवाज थोडा खाली गेला, पण वाक्य पुरं केलं. कोणाला झापलं वगैरे यावेळी सांगितलं नाही.

कंडक्टरांचा हात वर. "बाई, घरात भांडण चालू असेल तर हो?"

कोणीतरी त्यांना कोपर मारलं.

"तर भांडा," मी म्हटलं. "तोंडाने भांडा. भांडी आपटा, माहेर काढा, काय वाटेल ते बोला आणि समोरच्याला उत्तर द्यायला लावा. गप्प बसू नका."

घरी येताना जिन्यात सुरुवात केली. कप, कवळी, रंगाचं बंद दुकान, बनियनचं लेबल, चिमणी, चिमणीच्या डब्यातलं मीठ. साठलेलं सगळं. पहिल्या मजल्यावर शेजारणीचं दार किलकिलं झालं, होऊ दे. मास्तर एकेक पायरी चढत होते, मी त्यांच्या उजव्या बाजूने चढत बोलत होते. आमच्या दारापाशी ते थांबले, भिंतीला टेकले, दम घेतला.

"झालं का तुझं बोलून?"

झ स्वच्छ आला. तोंड सरळ होतं.

"नाही," म्हटलं. "चला आत."